घरच्या जुन्या चांदीवरचं नाव न् साल कसं ओळखायचं

दिवाळीत कपाट आवरताना जुनी चांदी निघते, काळीभोर झालेली, आणि घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं की नागपूरच्या इतवारीत सराफ्यात नेऊन मोड देऊन टाकू, नाहीतर पॉलिश तरी करून आणू. जरा थांबा. आमचा एक गडवा असाच पॉलिशला दिला होता, आला तेव्हा चकचकीत, पण गळ्याखालचं नाव घासून घासून फक्त "बाई" एवढंच उरलं होतं, आणि ती कोणती बाई हे सांगणारं आता घरात कोणी नाही. म्हणून आधी वाचा. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काही लावू नका, कोमट पाणी न् मऊ सुती कापड पुरे, खाचेतला काळेपणा राहू द्या कारण अक्षरं त्याच्यामुळेच दिसतात.

वाचायला खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च वरून नाही तर एकदम बाजूनं, आडवा धरा. तरी नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल हलकी आडवी फिरवा. आणि त्या जागेवर तोंडाची वाफ सोडून बघा, आधीचं नाव घासून काढलं असेल किंवा डाग देऊन सांधलं असेल तर वाफेत तो भाग वेगळा दिसतो. नाव ठोक्याठोक्यानं टिंबं टिंबं करून घातलंय की मशीननं सलग ओढलंय तेही बघा. भांडं झिजून गुळगुळीत पण अक्षरांच्या कडा बोटाला टोचतात, म्हणजे नाव मागाहून टाकलंय. हे फार महत्त्वाचं आहे, नावातली व्यक्ती ही पहिली मालकीण असेलच असं नाही.

साल बहुतेक शके असतं. त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८४७ वैशाख असेल तर १९२५. पण पौष-माघ-फाल्गुन असेल तर इंग्रजी साल बहुतेक बदललेलं असतं, मग ७९. मारवाडी घरातून आलेली वस्तू असेल तर विक्रम संवत असू शकतो, त्यातून साधारण ५७ वजा करा. नुसतं "प्रभव" असं संवत्सराचं नाव असेल तर ते साठ वर्षांनी परत येतं, १९२७ किंवा १९८७, मग बाकीच्या खुणांवरून ठरवा.

साल नसेल तर भाषा सांगते. "रा. रा." (राजमान्य राजेश्री) किंवा "यांजकडून" असेल तर मजकूर जुन्या वळणाचा. "नांव", "यांनीं" असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, अर्थात जुनी माणसं नंतरही तसंच लिहायची, त्यामुळे एवढ्यावरच ठरवू नका. बक्षिसाच्या कपावर किंवा ढालीवर "मध्यप्रांत व वऱ्हाड" असेल तर ती १९५० च्या आधीची, कारण त्या साली प्रांताचं मध्य प्रदेश झालं. वजन "तो. ३२" असं कोरलं असेल तर मेट्रिक वजनं १९५८ पासून यायला लागली हे लक्षात ठेवा. एक तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे ३७३ ग्रॅम भरायला पाहिजे, जास्त फरक आला तर कधीतरी दुरुस्ती झालीय किंवा एखादा भाग बदललाय.

चालता सिंह, बिबट्याचं तोंड, जहाजाचा नांगर असे बारके शिक्के असतील तर ती इंग्लंडची. सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बिबट्या लंडनचा, नांगर बर्मिंगहॅमचा, आणि सोबतचं एकटं अक्षर म्हणजे साल. राजाराणीचं डोकं असलं तर बहुतेक १८९० किंवा आधीची. ईपीएनएस लिहिलंय तर वर फक्त चांदीचा मुलामा आहे, आणि जर्मन सिल्वरमध्ये तर चांदी नसतेच.

आता मालकीण. "चि. सौ. कां." म्हणजे लग्नातला आहेर, तिथे नाव माहेरचं की सासरचं हे आधी ठरवा, नाहीतर भलत्याच घराण्यात शोधत बसाल. जुन्या लग्नपत्रिका काढा, आत्याला, मावशीला फोटो पाठवा, मोठ्या काकूला तर समोर बसून विचारा. आणि घरचं कोणी नाशिक-त्र्यंबकला विधीसाठी जाणार असेल तर नावाचा फोटो मोबाईलमध्ये देऊन ठेवा, मूळ गाव न् आडनाव सांगितलं की तिथले तीर्थोपाध्याय घराण्याची वही काढून देतात.