उडी मारणाऱ्या कोळ्याचे फोकस स्टॅकिंग कसे करावे

पाऊस ओसरल्यावर ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलवाटांवर जाळ्यात डोके खाली करून बसलेले सिग्नेचर कोळी सहज दिसतात. पण झुळूक आली की जाळे हलते, म्हणून स्टॅकिंगचा, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून घेतलेल्या अनेक फ्रेम जोडून एकच सगळीकडे स्पष्ट चित्र बनवण्याचा, सराव त्यांच्यावर करू नये. ठाण्यातल्या घराच्या खिडकीतील मनीप्लांटवर वावरणारा, सेंटिमीटरभर लांबीचा उडी मारणारा कोळी त्याहून बरा, कारण माशीवर नजर लावून तो बराच वेळ निश्चल बसतो. कोळी आधी फ्रीजमध्ये गार करावा, असे सांगणाऱ्यांचे मुळीच ऐकू नये. गारठलेला कोळी पाय आखडून घेतो आणि छायाचित्रात मेल्यासारखा दिसतो.

फोकस मॅन्युअल, ॲपर्चर एफ/८ आणि डिफ्यूझर लावलेला फ्लॅश १/१६ शक्तीवर ठेवावा. फुलफ्रेम कॅमेऱ्यात १:१ मोठेपणावर (सेन्सरवर कोळी खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा) एफ/८ ला जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो, आणि एफ/२२ वर गेल्यास विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून सर्वांत पुढच्या पायाच्या किंचित अलीकडून सुरुवात करून, कॅमेरा केसाकेसाने पुढे सरकवत वीसेक फ्रेम घ्याव्यात. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फायलींना एकच व्हाइट बॅलन्स द्यावा.

खरी कसोटी फ्रेम एकत्र करताना लागते. माझी सुरुवातीची कित्येक चित्रे पायांवरच्या केसांनी बिघडवली. पुढच्या पायाचा केस मागच्या उदरावरून जात असेल, तर उदर स्पष्ट असलेल्या फ्रेममध्ये तोच केस धूसर होऊन पसरतो व लगतचा भाग झाकून टाकतो. तो भाग कोणत्याच फ्रेममध्ये नीट नसतो आणि केसाभोवती धुरकट कडा उरते. फोटोशॉपच्या ऑटो-ब्लेंडवर विसंबून ही कडा जात नाही. झेरीन स्टॅकर या फ्रेम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच संचावर पीमॅक्स आणि डीमॅप या दोन्ही पद्धती चालवाव्यात: पहिली एकमेकांवरून जाणारे केस सांभाळते पण नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) वाढवते, दुसरी रंग आणि गुळगुळीत पृष्ठभाग जपते. मग डीमॅपच्या चित्रावर पीमॅक्समधील केवळ केस ब्रशने उतरवावेत. याला तासभर लागतो, आणि तो वाचवू नये.

तोंडाजवळचे दोन स्पर्शपाद मात्र कोळी सतत हलवत असतो, त्यामुळे ते एकाच फ्रेममधून घ्यावेत. माझ्या एका कोळ्याला चार स्पर्शपाद आहेत, हे चित्र भिंतीवर लागल्यानंतर भाचीने मोजून दाखवले.

शेवटी जुळवणीमुळे कडांना उमटलेल्या रेघा कापून टाकाव्यात.