मिसिंगवाली ओली गाडी आली की आधी कॉम्प्रेसर बंद करा

गॅरेज लाइनमध्ये नवीन आलेल्या पोरांसाठी लिहून राहिलोय. प्लग कसा खोलायचा, टॅपेट किती ठेवायचा, कार्बोरेटर कसा साफ करायचा हे तुम्हाला येतच असेल, नसेल तर महिनाभरात येते. पण थंडीत, पाणी पडून गेल्यावर गाडी पहाटे मिसिंग मारते (म्हणजे इंजिनचा ठोका मधेच चुकतो) आणि गॅरेजमध्ये आली की शहाण्या लेकरासारखी चालते, तिथं भलेभले फसतात. मी तर एकाच गाडीवर तीनदा फसलो.

2018 चा डिसेंबर. नागपूरकरांना आठवत असेल, महिन्याच्या शेवटी पारा 3.5 वर आला होता. आयटीआय करून सक्करदऱ्याकडच्या एका गॅरेजला लागून मला चारच महिने झाले होते आणि वाटायचं की आपल्याला सगळं येते. एक दूधवाले भाऊ दिघोरीकडून यायचे, शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूला कॅन. तक्रार एकच, पहाटे दव पडलं की गाडी स्टार्ट होते, आयडलला ठीक, पण रेस दिली की झटके, मधूनच सायलेन्सरमध्ये फटाका. ऊन चढलं की सगळं बंद.

पहिल्यांदा गाडी ओलीच आली होती. मी काय केलं, कॉम्प्रेसरचा पाइप ओढला, प्लग, त्यावरची कॅप, कॉइल (प्लगसाठी करंटचं व्होल्टेज वाढवते ती) सगळ्यावर मस्त हवा मारली, नवा प्लग टाकला, किक मारली, एकदम स्मूथ. "प्लग गेला होता भाऊ." दोन दिवसांनी परत. मग कार्बोरेटर खोलून धुतला, तोवर गाडी उन्हात वाळलेली, चालली. परत आले. तिसऱ्यांदा सीडीआय (ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा डबा) बदलला, त्याचे पैसेही घेतले. चौथ्या दिवशी भाऊ आले ते काही बोललेच नाहीत, फक्त गाडी स्टँडला लावून उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा उस्ताद उठले. "काहून बे, हवा कायले मारली?"

"ओली होती ना उस्ताद."

"ओली होती म्हणूनच तर बिमार होती. तू बिमारी पुसून टाकली आन मग शोधत बसला."

ही गोष्ट मी जरा जास्तच सांगणार आहे, सहन करा. ओलाव्यानं येणारा फॉल्ट ओलावा असेपर्यंतच दिसतो. हवा मारली, कपड्यानं पुसलं, ओलावा हटवणारा स्प्रे मारला, की गाडी चालते, आणि मग तुम्ही त्यानंतर जो पार्ट लावला त्यालाच क्रेडिट मिळते. प्लग टाकला तर प्लगला, सीडीआय टाकला तर सीडीआयला. खरं काम हवेनं केलेलं असते आणि तेही संध्याकाळपर्यंतचंच.

उस्तादनं गाडी रात्री बाहेर उघड्यावर ठेवायला लावली आणि मला सकाळी सहाला बोलावलं. अंधारच होता. स्टार्ट केली, इस्त्रीवाले वापरतात तशी फवाऱ्याची बाटली घेतली आणि थोडं थोडं पाणी, एका वेळी एकाच जागी. आधी कॉइलवर, काही नाही. मग प्लग कॅपवर, काही नाही. मग कॉइलपासून येणाऱ्या जाड वायरवर, जिथं ती क्लॅम्पला घासत होती, आणि तिथून फ्रेमकडे टिक टिक निळी ठिणगी पळताना दिसली. दिवसा ती मला जन्मात दिसली नसती. वायर नखानं वाकवली तर केसाएवढी चीर. कॉइल वायरसकट बदलली, क्लॅम्पजवळ रबर लावलं, संपलं. (चीर कॅपच्या अगदी जवळ असेल आणि कॅप स्क्रूवाली असेल तर अर्धा-एक सेंटीमीटर वायर कापून परत बसवली तरी चालते.)

आयडलला ठीक आणि रेसला मिसिंग हे का, ते समजून घ्या. रेस दिली की सिलिंडरमध्ये प्रेशर वाढते, त्या प्रेशरमध्ये प्लगच्या टोकावर उडी मारायला करंटला जास्त व्होल्टेज लागते. बाहेर ओली, मातकट चीर असली तर करंट म्हणतो, मी आत कशाला जाऊ, इथूनच जातो. म्हणूनच प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठिणगी दिसली म्हणजे करंट ओके, असं धरू नका. उघड्या हवेत अर्धमेली कॉइलही ठिणगी दाखवते. आणि हो, कॅप हवेत लटकत ठेवून किक मारू नका, सीडीआय जातो, हातात धरली तर तुम्ही उडता. पेट्रोल सांडलेलं असेल तर हे काहीच करू नका. थंडी आहे म्हणून शटर पाडून गाडी चालू ठेवायची नाही, धूर जीव घेते.

आता प्रत्येक मिसिंग करंटचीच असते असं नाही. करंटची मिसिंग स्विच बंद-चालू केल्यासारखी, एकदम असते. पेट्रोलची हळूहळू मरते, चोक ओढला की थोडी सुधरते. शंका आली की फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी जड असते, खाली बसलेलं दिसते. टाकीच्या झाकणाजवळचं ड्रेन होल मातीनं बुजलं की पावसाचं पाणी टाकीतच जाते, हे आधी बघा, फुकटचं काम आहे. आता तर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते पाणी ओढून घेते, आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, थंडीत तर अजून लवकर. 23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, त्यानंतर बुडालेल्या गाड्या आल्या तेव्हा आधी टाकीच रिकामी करायची असते हे मी पोरांना ओरडून ओरडून सांगत होतो.

इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत साइड स्टँडचा स्विच आणि किल स्विच विसरू नका, आत चिखल शिरला की तेही गाडी बंद पाडतात. थंडीतच त्रास असेल तर इंजिन टेम्परेचरचा सेन्सर मल्टिमीटरनं तपासा.

व्हिडिओ बघून शिका, मी नाही म्हणत नाही, पण पार्ट बदलत बदलत फॉल्ट शोधणाऱ्या उस्तादच्या हाताखाली राहू नका. शिव्या देणारा चालेल. आणि चार महिन्यांत फसलात म्हणून लाइन सोडू नका बावा, तीनदा फसलेला मी अजून इथंच आहे.

भाऊंना सीडीआयचे पैसे परत दिले. उस्तादनं ते माझ्या पगारातून दोन हप्त्यांत कापले. दुसरा हप्ता कापला त्याच दिवशी एक मल्टिमीटर माझ्यापुढं टाकला. मला वाटलं आता त्याचेही कापतील. नाही कापले.