डेटावाल्या प्रॉडक्टची डिझाईन सिस्टीम: आधी टेबल, मग बटण

डिझाईन सिस्टीम, म्हणजे प्रॉडक्टच्या सगळ्या स्क्रीनसाठी ठरलेले भाग आणि नियम, करायची म्हटलं की सगळे आधी रंग आणि बटणं काढायला बसतात. फिग्मात (डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये) बटणाचे ढीगभर प्रकार तयार होतात, आणि ज्या टेबलसमोर माणूस दिवसभर बसणारे त्याचा पत्ताच नसतो. मुंबईत फोर्टात नाहीतर बीकेसीत एखाद्या ब्रोकरच्या बॅक ऑफिसमध्ये जाऊन बघा, साडेतीनला मार्केट बंद झालं की यांचं काम जोरात सुरू होतं, त्यात 27 जानेवारी 2023 पासून टी प्लस वन पूर्ण लागू झालंय म्हणजे सौदा पुढच्याच कामाच्या दिवशी मिटला पाहिजे, मग तो माणूस स्क्रीनवर शोधतो काय तर न जुळणारा आकडा. तो आकडा पटकन सापडला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

म्हणून सुरुवात टेबलच्या एका सेलपासून (चौकोनापासून) करा, रकमेच्या. आकडे उजवीकडे, मजकूर डावीकडे, आणि कॉलमचं हेडिंगही त्याच बाजूला. फॉन्टचे टॅब्युलर आकडे चालू करा, सीएसएसमध्ये (वेबपेजचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेत) एका ओळीचं काम आहे, म्हणजे 1 आणि 8 सारखीच जागा घेतात. हे नसेल तर काही फॉन्टमध्ये 1,11,111 आणि 88,888 जवळपास सारख्याच लांबीचे दिसतात, आणि घाईत वाचणारा तिथेच फसतो. दशांशानंतरचे आकडे अख्ख्या कॉलमला सारखेच. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, 12,34,567. ब्राउझरला लोकेल (भाषा आणि देशाचा कोड) 'एन-आयएन', म्हणजे भारतातलं इंग्रजी, दिलं की हे आपोआप होतं, 'एमआर-आयएन', म्हणजे मराठी, दिलं तर आकडेच देवनागरीत येतात, तेव्हा काय हवंय ते आधी ठरवा आणि एकाच ठिकाणी लिहून ठेवा, प्रत्येक डेव्हलपरने आपापलं फॉरमॅटिंग करायचं नाही. आणि एक ओळ लाखात, खालची कोटीत असं तर अजिबातच नको, युनिट हेडिंगमध्ये टाका.

आता रिकामा सेल. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. शून्य आहे, डेटा आलाच नाही, इथे लागू होत नाही, अजून लोड होतंय, बघायची परवानगी नाही, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक ठिकाणी पाचही एकाच डॅशने दाखवतात. शून्य शिल्लक आणि न आलेली फाईल सारखी दिसली तर समोरचा माणूस निर्धास्त घरी जाईल ना! पाचही अवस्थांचं डिझाईन पहिल्याच आठवड्यात करा.

रंगांना अर्थावरून नाव द्या, 'हिरवा 500' नाही तर 'वाढ', 'घट', 'चूक'. घट आणि चूक हे वेगळे टोकन (नाव दिलेले रंग) ठेवा, नाहीतर शेअर पडला तरी सिस्टीम बिघडल्यासारखी दिसते. शिवाय चीनमध्ये लाल म्हणजे भाव वर, उद्या तिथला ग्राहक आला तर फक्त टोकन बदलायचं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारेही लोक असतात, म्हणून अधिक-उणे चिन्ह किंवा बाण हवाच. मजकुराचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1, चार्टच्या रेषांचा 3:1, हे डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीचे आकडे आहेत, फिके करडे आकडे कितीही छान दिसले तरी नको.

ओळीची उंची तुमच्या मोठ्या मॉनिटरवर ठरवू नका. 1366 बाय 768 चे स्क्रीन अजून चालू आहेत, त्यात ब्राउझर, मेन्यू, फिल्टर वजा जाता टेबलला 480 पिक्सेल उरले तर 48 च्या उंचीने 10 ओळी दिसतात, 32 ने 15. दोन्ही द्या आणि वापरणाऱ्याची निवड लक्षात ठेवा. मराठी इंटरफेस असेल तर 32 मध्ये 'वर्गीकृत' आणि 'दुरुस्ती' टाकून बघा, वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो का. मुंबईच्याच 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे, त्यावर करून बघा.

बटणं, डायलॉग वगैरे कुठल्याही तयार लायब्ररीतून घ्या, त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. तो वेळ स्टोरीबुकमध्ये (स्क्रीनचे भाग सुटे करून तपासायच्या साधनात) वाईटातला वाईट डेटा भरायला वापरा, सगळ्यात लांब नाव, -9,99,99,99,999.99, आणि निम्मे सेल रिकामे. मग ते टेबल रोज वापरणाऱ्या माणसापुढे ठेवा, एक आकडा मुद्दाम चुकीचा टाका आणि शोधायला सांगा. त्याची नजर जिथे अडखळेल तो कॉलम आधी दुरुस्त करा.