एल्फ लोकांचं श्रीमंत शहर बनवायचंय? आधी रोजची साठ पोती कुठून येतात ते ठरवा

फँटसी गेम म्हणजे एक जण काल्पनिक जग रचून गोष्ट पुढे नेतो आणि बाकीचे टेबलाभोवती बसून त्यातली पात्रं होतात. असा गेम चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे एक तरी शहर एल्फ लोकांचं असतं, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या पण शेकडो वर्षं जगणाऱ्या काल्पनिक जमातीचं. पांढरे मनोरे, धबधबे, झाडांवरची घरं, रात्री गाणारे लोक. माझ्याकडेही होतं, वेलुनार त्याचं नाव, आणि पहिल्या सेशनला, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीला, मी त्याचं वर्णन चांगलं दहा मिनिटं केलं, सगळे मन लावून ऐकत होते, आणि मग एका मैत्रिणीने, जिचं कॅरेक्टर धान्य व्यापाऱ्याची मुलगी होती, विचारलं की इथे गहू काय भावाने जातो आणि येतो कुठून. मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी वेलुनार पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगतेय. मी डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा असाच गेम खेळते म्हणून आकडे तिथले घेतलेत, पण कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांनाही हे सगळं तसंच्या तसं वापरता येईल.

पहिलं काम म्हणजे माणसं मोजायची. मॅप नंतर, मनोरे तर त्याहून नंतर. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये, म्हणजे या गेमच्या नियमपुस्तकात, एल्फ साधारण १०० व्या वर्षी जाणता धरला जातो आणि ७५० वर्षांपर्यंत जगू शकतो. आता समजा तुमच्या शहरात १२,००० एल्फ आहेत आणि लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. १२,००० भागिले ७५०, म्हणजे वर्षाला फक्त १६ जन्म! तेवढ्याच माणसांच्या जुन्या काळच्या शहरात, सरासरी आयुष्य ४० धरलं, तर ३०० बाळं जन्मतील. हा एक भागाकार केला की शहर डोळ्यासमोर बदलायला लागतं बघा. वर्षाला सोळाच बाळं असतील तर प्रत्येक बारसं हे अख्ख्या गावाचं असणार, दाई म्हणजे शहरातली सगळ्यात मानाची बाई असणार, आणि सगळ्यात मोठं म्हणजे युद्ध. एका लढाईत ३२० एल्फ पडले तर ती वीस वर्षांची सगळी बाळं गेली. मग एल्फ लोक लढाई टाळतात, तह करतात, पैसे देऊन भाडोत्री सैन्य ठेवतात, ते का, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या शहराचा आकडा वेगळा असेल, पण भागाकार नक्की करा.

मग धान्य. माणशी रोज अर्धा किलो धरा, १२,००० लोकांना ६ टन लागतात, म्हणजे ६० क्विंटल, म्हणजे शंभर किलोची साठ पोती, रोज, पावसाळ्यातसुद्धा. एका बैलगाडीत साधारण टनभर माल जातो असं धरलं तर वेशीवर रोज सहा गाड्या फक्त धान्याच्या. वर्षाचं झालं २,१९० टन. जुन्या पद्धतीची शेती, बियाणं वजा जाता हेक्टरी अर्धा टन हाती आलं असं मी धरते, तर ४,३८० हेक्टर लागले, जवळपास ४४ चौरस किलोमीटर. आता एवढं शेत घनदाट जंगलाच्या मधोमध कुठे बसवणार? इथेच बहुतेक जण जादूने अन्न येतं म्हणून मोकळे होतात आणि मला ते मनापासून पटत नाही, कारण अन्न फुकट झालं की शेतकरी गेला, गाडीवान गेला, वखार गेली, दुष्काळाची भीती गेली, म्हणजे गोष्टीचं निम्मं सामानच गेलं.

याचं खरं उत्तर झाडांमध्येच आहे. कॉर्सिका बेटावर आणि दक्षिण फ्रान्सच्या सेवेन डोंगरांत लोक कित्येक शतकं चेस्टनटवर जगले, ती फळं वाळवून, दळून पिठाची भाकरी करायची, म्हणून त्या झाडाला तिकडे भाकरीचं झाडच म्हणतात. एकदा लावलं की शेकडो वर्षं फळ देतं, नांगरायचं नाही, दर साली पेरायचं नाही. लांब कशाला, गोव्यातलं कुळागर बघा. वर नारळ-सुपारी, सुपारीच्या खोडावर चढलेली मिरीची वेल, मधे केळी, खाली हळद-आलं, अननस, आणि मधून फिरवलेलं झऱ्याचं पाणी. लांबून बघणाऱ्याला ते जंगल वाटेल, पण त्यातलं जवळपास प्रत्येक झाड कोणीतरी विचार करून तिथे लावलेलं असतं. वेलुनारभोवतीचं अरण्य मी असंच केलं, तीनशे वर्षांची चेस्टनटची राई, तिच्यावर वेली, खाली कंद आणि मशरूम, आणि बाहेरच्या माणसाला हे शेत आहे हे कळतच नाही. एकदा एका प्लेयरने शेकोटीसाठी एक फांदी तोडली आणि पुढचं अख्खं सेशन त्या फांदीवर गेलं, कारण ती कोणाच्या तरी पणजीने लावलेली होती आणि ती पणजी अजून जिवंत होती, समोर उभी होती.

तरी सगळं पोट झाडांवर भरू नका. मी निम्मं धान्य नदीकाठच्या माणसांच्या गावांतून आणते. कारण त्यातून नातं तयार होतं, आणि नात्यातून भांडण.

आता श्रीमंती. शहर श्रीमंत आहे असं नुसतं लिहून चालत नाही, काय विकून श्रीमंत झालं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. माझं मत असं आहे की एल्फ लोकांचं खरं भांडवल वेळ आहे. माणूस जे करायला घाबरतो, कारण फळ बघायला आपण राहणार नाही, ते एल्फ निवांत करतो. स्वीडनमध्ये व्हेटर्न तलावात व्हिसिंग्सो नावाचं बेट आहे, तिथे १८३१ पासून नौदलाच्या जहाजांसाठी जवळजवळ ३ लाख ओक लावले गेले, आणि १९७५ मध्ये वनखात्याने नौदलाला कळवलं की तुमचं लाकूड तयार आहे. तोवर जहाजं लोखंड-पोलादाची झाली होती. ही गोष्ट मला फार हलवून जाते, आणि एल्फ शहरासाठी याच्यापेक्षा चांगलं बी मिळणार नाही. तिथे ज्या एल्फने रोप लावलं तोच दीडशे वर्षांनी कुऱ्हाड घेऊन उभा आहे, आणि त्याला बरोब्बर माहितीये की या झाडाचा बाक जहाजाच्या बरगडीला जुळतो, कारण तो बाक त्यानेच रोप लहान असताना दोरी बांधून दिला होता. असं लाकूड दुसरं कोण देणार!

अशा सावकाश पिकणाऱ्या वस्तू शोधा आणि त्यातल्या दोन किंवा तीनच घ्या, जास्त नको. जपानमध्ये उरुशीच्या झाडाच्या चिकापासून रोगण करतात, दहा-पंधरा वर्षं झाड वाढवायचं, मग एका मोसमात चरे पाडून चीक गोळा करायचा, आणि एका झाडाचा मिळतो जेमतेम २०० ग्रॅम. किंवा काच घ्या. व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून काढून मुरानो बेटावर हलवल्या, मुख्य कारण आगीची भीती, पण त्याने कारागीर एका जागी आले आणि विद्याही तिथेच राहिली, पुढे तर कारागिरांनी ती बाहेर नेऊ नये म्हणून कडक कायदे होते. तुमच्या शहरात अशी एक विद्या ठेवा जी बाहेर गेली तर शहराचं पोट जाईल. मग चोर, हेर, पळून गेलेला कारागीर, ही सगळी पात्रं आपोआप येतात.

जागा निवडताना एकच बघा, माल कुठे थांबतो. वेलुनार नदीच्या वळणावर आहे, खालून मोठ्या नावा तिथपर्यंतच येतात, वरून लाकडाचे ओंडके वाहत तिथेच येऊन लागतात. त्यामुळे माल उतरवावाच लागतो, उतरवला की वखार लागते, हमाल लागतात, जकात नाका लागतो. माझे प्लेयर्स शहरात पहिल्यांदा शिरले (दुसऱ्यांदा लिहिलेल्या शहरात) ते जकात नाक्याच्या रांगेतून. मनोरे त्यांना खूप नंतर दिसले.

पूल आणि घरं कशी करायची याचा नमुना मेघालयात आहे. खासी आणि जैंतिया लोक रबराच्या वडाची मुळं सुपारीच्या पोकळ खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात, पलीकडे ती मातीत रुजतात, आणि पंधरा ते तीस वर्षांनी त्यावरून माणसं जा-ये करतात, पुढे पूल वर्षागणिक अजून मजबूत होत जातो. नोंग्रियातला दुमजली पूल तुम्ही फोटोत पाहिला असेल. एल्फ लोकांनी झाडावर घर बांधायची गरजच नाही, ते घर वाढवू शकतात. मग लिहिताना त्याचे बारीक परिणाम लिहा, दर वसंतात दरवाजे घट्ट बसतात, खोलीला खोली वाढवायला चाळीस वर्षांची नोटीस लागते, भांडखोर शेजाऱ्याचं मूळ आपल्या भिंतीत शिरतं.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. नियमांप्रमाणे एल्फ झोपत नाहीत, चार तास ध्यानात बसले की त्यांचं काम होतं, आणि अंधारात त्यांना ६० फुटांपर्यंत दिसतं. म्हणजे शहर जवळपास चोवीस तास जागं. पहाटे तीनला बाजार भरलेला, सुतार कामाला बसलेला, आणि रस्त्यावर एक दिवा नाही! दिवे फक्त परदेशी लोकांच्या पेठेत, पलंगसुद्धा तिथेच. माणसांच्या कॅरेक्टर्सना सांगा की रात्री खिडकीबाहेर गर्दीचा आवाज येतोय पण दिसत काहीच नाहीये. माझ्या टेबलावर एवढ्या एका वाक्याने जे झालं ते दहा मिनिटांच्या मनोऱ्यांनी झालं नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे थोडा वेळ द्या. लांब आयुष्य आणि पैसा एकत्र आले की काय होतं? १०० नाणी ३ टक्के चक्रवाढीने ५०० वर्षं ठेवा, होतात २६ कोटींच्या वर. एल्फ सावकार नुसता बसून राहिला तरी सगळं जग त्याचं. मग एक तर जग तसं दाखवा, नाहीतर कायदा घाला. मी आपल्याकडचाच घातला, दामदुप्पट. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा आपल्या जुन्या धर्मशास्त्रातला नियम, मुंबई इलाख्यात इंग्रजी अमलातल्या कोर्टांनीसुद्धा तो हिंदू कर्जदारांना लावला. वेलुनारमध्ये तो का आला त्याची गोष्ट लिहिली आणि तीच माझ्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीचा, कणा झाली, एका घराण्याने खालच्या खोऱ्यातली अकरा गावं कर्जापोटी गिळली होती, आणि ते कर्ज घेणाऱ्या माणसाची आठवण गावात कोणालाच उरली नव्हती.

नदीकाठची माणसं एल्फ जमीनदारांची कुळं आहेत असं धरा. एका एल्फच्या आयुष्यात माणसांच्या तीस पिढ्या होतात. त्याने खापरपणज्याला तोंडी शब्द दिलेला, त्याला तो कालच्यासारखा आठवतो, खंड किती ठरला होता तेही, आणि समोरच्या पोराला यातलं काहीच माहीत नाही, त्याला दिसतो तो फक्त एक न म्हातारा होणारा मालक. दोघंही खरं बोलतायत. असा प्रसंग टेबलावर ठेवा आणि प्लेयर्सना निवाडा करू द्या.

शहराच्या आतली भेग पण ठरवा. गवंड्यांच्या संघाचा प्रमुख चारशे वर्षं त्याच गादीवर आहे, त्याच्या हाताखालचा दोनशे वर्षांचा शिष्य अजून शिष्यच. चांगले तरुण मग कुठे जाणार, बाहेरच. फिरत्या टोळीतला तुमचा एल्फ प्लेयर घर सोडून का निघाला याचं उत्तर इथे मिळतं.

नावांबद्दल थोडंसं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनने आपल्या एल्फ भाषा बनवताना एकीला फिनिश आणि दुसरीला वेल्श भाषेचा सूर दिला होता, म्हणून आजही सगळी एल्फ नावं त्याच वळणाची येतात. तुम्ही आपले नियम करा. मी ट, ठ, ड, ढ पूर्ण काढले, आणि गावांना शेपट्या ठरवल्या, नार म्हणजे नदीचं वळण, थेन म्हणजे राई. आपल्याकडे संगमनेर, पारनेर, पिंपळनेर ऐकलं की एकाच मुलखातलं वाटतं ना, खुर्द आणि बुद्रुक ऐकलं की दोन गावांचं नातं कळतं, तसंच वेलुनार, साथनार, मोरेथेन. चार शेपट्या पुरतात.

हे सगळं कागदावर दोन पानांत बसवा आणि प्लेयर्सना वाचायला देऊ नका. त्यांना रांगेत उभं करा, चेस्टनटची भाकरी खायला द्या, एक जुनं कर्ज त्यांच्या गळ्यात टाका. आणि शहरातल्या पहिल्या सेशनच्या शेवटी त्या वर्षीच्या बाळांची यादी काढा. पंधरा नावं मी आधी लिहून ठेवते. सोळाव्या बाळाचं बारसं त्याच संध्याकाळी असतं, पाहुण्यांनाही बोलावणं असतं, आणि दाई टेबलावरच्या एकाकडे वळून विचारते, तुम्ही सुचवाल का नाव?