लहानग्यांच्या प्रस्तरारोहणासाठी जागा कशी निवडावी: बेळगाव सीमाभागातील खडकांची पारख

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खडकावर चढण्याचा आनंद द्यावा असे वाटणारे पालक जागा शोधताना बहुधा खडकाच्या उंचीकडे आधी पाहतात. या वयासाठी मात्र आधी पारखावी ती खडकाखालची जमीन, मग भोवतालचा परिसर, आणि खडक सर्वांत शेवटी. खडक सामान्य असला तरी मूल त्यावर मनसोक्त खेळते. खालची जमीन वाईट असेल तर उत्तम खडकही निरुपयोगी ठरतो.

पायथ्यापासून चार-पाच पावलांपर्यंतची जागा सपाट, मातीची किंवा गवताळ असावी, तिच्यात टोकदार दगड, तोडलेल्या झुडपांचे खुंट किंवा घाणेरीची जाळी नसावी, आणि मुख्य म्हणजे त्या सपाटीच्या पलीकडे दुसरा कडा अथवा ओढा नसावा. घरून आणलेली गादी अंथरल्याने तिच्याखालचा दगड लपतो, नाहीसा होत नाही. म्हणून आधी जमीन हाताने चाचपून पाहावी. उंचीचे माप सोपे आहे: चढलेल्या मुलाचे पाय खाली उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या छातीच्या वर जाता कामा नयेत, म्हणजे कोणत्याही क्षणी त्याला कमरेला धरता येते. लहान मुले चढतात झरझर, पण उतरताना पाय कोठे ठेवावा हे त्यांना दिसत नाही आणि ती अडकून रडू लागतात. त्यामुळे मागच्या बाजूने चालत उतरता येईल असा धोंडा मिळाला तर तोच निवडावा.

आपल्या भागात खडकाची जात दर काही मैलांवर बदलते. बेळगाव शहराच्या आसपास आणि खानापूर तालुक्यात जांभा आढळतो. त्याला भोके पुष्कळ असल्याने पकड सहज मिळते. मात्र त्याच्या कडा कोवळे हात सोलतात आणि त्याच भोकांत विंचू किंवा फुरसे दडलेले असू शकते, म्हणून मोठ्यांनी काठीने तपासल्याशिवाय मुलाला खोबणीत बोटे घालू देऊ नयेत. सोडून दिलेल्या चिरेखाणींचे सरळ कापलेले कठडे मोहात पाडतात, परंतु तेथे साचलेले पाणी आणि सुटलेले चिरे असतात; लहान मुलांना तेथे मुळीच नेऊ नये. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे काळा कातळ आहे. तो चांगला असला तरी अनेक ठिकाणी कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि दोन थरांमध्ये मऊ लाल मातीचा पट्टा दिसला तर त्यावरचा दगड भरवशाचा मानू नये. गोकाक आणि सौंदत्तीकडील वालुकाश्म व क्वार्टझाइट (वालुकाश्मापासूनच बनलेला अधिक कठीण दगड) माझ्या मते मुलांसाठी सर्वांत अनुकूल आहे, कारण त्यात आडव्या भेगांच्या नैसर्गिक पायऱ्या असतात. तरीही गोकाकच्या सुमारे 52 मीटर उंचीच्या धबधब्याजवळचा कडा टाळून दूर माळावरचे सुटे धोंडेच शोधावेत. वालुकाश्म पावसाने भिजल्यावर कमकुवत होतो. तो एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा.

जागा नक्की करण्यापूर्वी पालकांनी एकदा मुलाविना जाऊन यावे. खडकासमोर गुडघ्यांवर बसावे, हात मुलाच्या उंचीइतकाच वर न्यावा आणि त्या टप्प्यात येणारी प्रत्येक पकड बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहावी. आवाज खणखणीत आला तर दगड पक्का. बद्द आवाज आला तर तो आतून सुटलेला आहे असे समजून ती जागा सोडावी. त्यानंतर मान वर करून कड्याच्या छपरीखाली आग्या मोहोळ लटकत नाही ना, हे शांतपणे पाहावे. मोहोळ दिसल्यास लांबूनच परतावे, कारण लहान मुलाला घेऊन पळता येत नाही. आजूबाजूला गुरे राखणाऱ्यांना विचारले तर मोहोळ, साप आणि जमिनीचा मालक या तिन्हींची माहिती एकदमच मिळते. मालकाची परवानगी घेणे आवश्यकच आहे.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ योग्य असतो. त्यानंतर दुपारचा खडक तापतो आणि पावसाळ्यात शेवाळ धरते. सकाळी जायचे असल्यास पश्चिमेकडे तोंड असलेला खडक सावलीत सापडतो.

किल्ल्यांच्या तटबंदीवर, मग तो येळ्ळूरचा राजहंसगड असो वा सौंदत्तीजवळचा पारसगड, मुलांना चढू देऊ नये. ते दगड रचलेले आहेत आणि तो आपला वारसा आहे. देवस्थानाच्या शिळांनाही हेच लागू आहे. 2011 साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना प्रवेश नाही, आणि तेथे अस्वलांचा वावर असल्याने कपारींजवळ लहान मुले नेणे योग्य नाही.

दोर वापरायचाच झाल्यास प्रशिक्षित व्यक्ती सोबत असावी आणि मुलाला संपूर्ण शरीराचा हार्नेस (दोर जोडण्यासाठी अंगावर बांधायचे पट्टे) घालावा. या वयात कंबर अरुंद व डोके जड असल्याने केवळ कमरेच्या हार्नेसमधून मूल उलटे होऊन निसटू शकते. हेल्मेट त्याच्याच मापाचे असावे. वाहन उभे करण्याच्या जागेपासून खडक मुलाच्या पावलांनी पंधरा-वीस मिनिटांच्या आत असावा आणि तेथे मोबाइलला रेंज मिळते का हे पहिल्या फेरीतच तपासावे, म्हणजे वेळ आल्यास 108 किंवा 112 वर संपर्क साधता येतो.