आई-वडील, भावंडे आणि अमेरिकेचे ग्रीन कार्ड : अर्ज करण्यापूर्वी या चुका टाळा

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरात आई-वडिलांना कायमचे बोलावून घ्यायचे ठरले, की सगळ्यांचे लक्ष अर्जाचा नमुना आणि शुल्क यांकडे जाते. परंतु अर्ज ज्यांमुळे अडतो त्या गोष्टी बहुधा तो भरण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेल्या असतात. म्हणून आय-१३० हा नातेवाइकाच्या स्थलांतरासाठीचा अर्ज दाखल करण्यापूर्वी आपला स्वतःचा दर्जा आणि घरातले जुने कागद नीट तपासावेत.

दर्जाची बाब थोडक्यात सांगता येते. आई-वडिलांसाठी किंवा भावंडांसाठी अर्ज करणारी व्यक्ती अमेरिकेची नागरिक असावी लागते आणि तिचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. ग्रीन कार्डधारकाला केवळ पती-पत्नी आणि अविवाहित मुले यांच्यासाठीच अर्ज करता येतो. आई आणि वडील यांचे अर्ज स्वतंत्र असतात, एकाच्या अर्जावर दुसऱ्याला व्हिसा मिळत नाही. याच कारणाने, अशा आई-वडिलांबरोबर घरातले धाकटे भावंडही त्याच अर्जावर येऊ शकत नाही.

नावे आणि जन्माचे दाखले

सर्वाधिक अडचणी येथे येतात, आणि त्या आपल्याकडच्या रीतींतून आलेल्या असल्यामुळे तिकडच्या अधिकाऱ्याला आपोआप समजतील अशी अपेक्षा धरता येत नाही. १९४०-५० च्या दशकांत खेड्यात, आईच्या माहेरी जन्मलेल्या पिढीची जन्मनोंद अनेकदा झालेलीच नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली आणि पुढे तीच पासपोर्टावर आली, असे हजारो घरांत घडले आहे. अशा वेळी घाईने नवी जन्मनोंद करून घेणे ही मोठी चूक आहे, कारण साठ-सत्तर वर्षांनी झालेल्या नोंदीकडे अधिकारी संशयानेच पाहतात. ज्या गावी जन्म झाला तेथील ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला, तसेच जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

अर्जदार मुलाच्या स्वतःच्या जन्मदाखल्याकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही, आणि नाते सिद्ध करणारा मुख्य कागद तर तोच असतो. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असते, आणि आईचे नाव घरात हाक मारायचे तसे लिहिलेले असते. नाव राहून गेले असेल तर ते मूळ नोंदीत घालून घ्यावे. वडिलांच्या अर्जासाठी आई-वडिलांच्या विवाहाचा पुरावाही लागतो. विवाह नोंदवलेला नसेल तर महाराष्ट्रात तो उशिराही नोंदवता येतो, आणि त्यासाठी लग्नपत्रिका जपून ठेवलेली असेल तर ती फार उपयोगी पडते.

आईच्या बाबतीत गुंता अधिक असतो. माहेरी मधले नाव वडिलांचे, सासरी पतीचे, आडनाव वेगळे, आणि लग्नात पहिले नावही बदललेले : म्हणजे शाळेच्या दाखल्यातील सुमन आणि पासपोर्टावरील सुनंदा ही एकच व्यक्ती आहे, हे कागदानेच सांगावे लागते. पूर्वी वापरलेल्या नावांच्या रकान्यात ही सगळी नावे लिहावीत आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, शक्य असल्यास राजपत्रातील नोंदीसह, जोडावे. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर शिक्क्यांवरील मजकुरासह पूर्ण असावे आणि त्यावर भाषांतरकाराने आपल्या क्षमतेची स्वाक्षरीसह ग्वाही द्यावी. भाषांतरासाठी नोटरीची गरज नसते.

मुलांचे लग्न आणि भावंडांची प्रतीक्षा

जी चूक दुरुस्तच होत नाही, ती ही. ग्रीन कार्डधारक आई किंवा वडिलांनी २१ वर्षांवरील अविवाहित मुलासाठी केलेला अर्ज त्या मुलाचे लग्न होताच आपोआप रद्द होतो, आणि पुढे घटस्फोट झाला तरी तो पुन्हा जिवंत होत नाही. समारंभाच्या आधी उरकलेला नोंदणी विवाहही येथे लग्नच धरला जातो. आई किंवा वडिलांना नागरिकत्व मिळाल्यानंतर लग्न झाले, तर मात्र अर्ज विवाहित मुलांच्या वर्गात जातो आणि रांगेतील जागा ठरवणारी मूळ तारीख कायम राहते. तेव्हा मुहूर्त काढण्यापूर्वी आई-वडिलांच्या नागरिकत्वाच्या शपथविधीची तारीख विचारणे अत्यंत आवश्यक आहे.

भावंडांच्या वर्गात वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा असून त्यावर प्रत्येक देशासाठी ७ टक्क्यांची मर्यादा आहे. २०२५ च्या अखेरीस भारतासाठी २००६ मधील अर्जांचा विचार चालू होता. आज अर्ज करताना भावाची शाळकरी मुले त्याच्याबरोबर येतील असे धरून चालू नये, कारण २१ वर्षांखालील मुलांनाच असे येता येते. वयाच्या गणनेत काही सवलत मिळते, पण एवढ्या प्रतीक्षेत ती बहुधा पुरत नाही.

पर्यटक व्हिसा आणि उत्पन्न

कायमचे राहण्याचा हेतू मनात ठेवून पर्यटक व्हिसावर आणणे, ही युक्ती नसून चुकीची माहिती देणे ठरू शकते. खरोखर भेटीसाठी आलेल्या आई-वडिलांचा बेत नंतर बदलला आणि तेथेच ग्रीन कार्डचा अर्ज केला, तर आगाऊ प्रवास परवानगी हाती येईपर्यंत त्यांनी देश सोडू नये. नातीच्या बारशासाठी भारतात जाऊन आल्यामुळे अर्ज सोडून दिला असे मानले गेल्याची उदाहरणे आहेत.

आय-८६४ या आर्थिक हमीपत्रासाठी अर्जदाराचे उत्पन्न संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते, आणि कुटुंबसंख्येत येणारे आई-वडीलही मोजावे लागतात. ही हमी कायदेशीर असते : आई-वडील नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या नावावर कामाच्या ४० तिमाही (सुमारे दहा वर्षांचे काम) जमा होईपर्यंत ती सहसा संपत नाही.

ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर

‘वर्षातून एकदा जाऊन आले की पुरते’ हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. ग्रीन कार्ड हे तेथे राहण्यासाठी असते. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास प्रश्न विचारले जाऊ शकतात. वर्षाहून अधिक राहायचे असेल, तर अमेरिकेत असतानाच पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो. पेन्शन, घरभाडे आणि मुदत ठेवींचे व्याज हे उत्पन्नही तेथील कर विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि परदेशी खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. वयाची ६५ वर्षे पूर्ण असली तरी, तेथे कामाची नोंद नसलेल्यांना पैसे भरून मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) घेण्यासाठी सलग पाच वर्षे वास्तव्य लागते. तोवर विम्याची सोय मुलांनीच पाहायची असते.

ज्या आई-वडिलांना वर्षातले आठ महिने आपल्या गावी, आपल्या माणसांतच राहायचे आहे, त्यांच्यासाठी दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा अधिक सोयीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्या अर्जात, आपल्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, हा प्रश्न असतो आणि त्याचे खरे उत्तर द्यावेच लागते. उत्तर ‘होय’ असेल, तर तो व्हिसा मिळणे अवघड होते. त्यामुळे कायमचे यायचे की भेटीला येत राहायचे, हे आई-वडिलांना आय-१३० पाठवण्याआधीच विचारावे.