अंगणातला पाऊस मोजायचा कसा?

बातम्यांत ‘तालुक्यात 40 मिलिमीटर पाऊस’ म्हणतात आणि आपल्या अंगणातली धूळही बसलेली नसते. यात कुणी खोटं बोलत नाही, पाऊसच तसा आहे. 26 जुलै 2005 च्या प्रलयात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटरची नोंद झाली, तर कुलाब्याला जेमतेम 74 ची. तेव्हा आपला पाऊस आपणच मोजलेला बरा.

लागतं फार थोडं : एक नरसाळं, त्याखाली बाटली आणि मिलिलिटरच्या खुणा असलेलं माप. औषधाची मोठी सिरिंजही चालते. नरसाळ्याचं तोंड 11.3 सेंटिमीटर रुंद मिळालं तर नशीबच. त्याचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे बाटलीतले दर 10 मिलिलिटर म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. दुसरं माप असेल तर त्रिज्येचा वर्ग गुणिले 3.14 करून क्षेत्रफळ काढा. साचलेल्या मिलिलिटरना त्याने भागून 10 ने गुणा. बाटलीची रुंदी कितीही असो, हिशेब नरसाळ्याच्या तोंडाचाच. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर बाटली मोठी घ्या, कारण या नरसाळ्याखाली दोन लिटरची बाटली 200 मिलिमीटरला काठोकाठ भरते.

आता जागा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. पागोळ्यांखाली, झाडाखाली, भिंतीला लागून नको. झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. गच्ची सोयीची वाटते खरी, पण तिथल्या वाऱ्याने थेंब तोंडावरून उडून जातात. जमिनीवरच, नरसाळ्याचा काठ वीतभर-दीड वीत उंच राहील असं, विटांच्या आधाराने घट्ट बसवा. काठ आडवा सपाट हवा.

रोज सकाळी साडेआठला मोजा, हवामान खात्याचीही वेळ तीच. मोजल्यावर बाटली रिकामी करा आणि आकडा त्या सकाळच्या तारखेला लिहा, पाऊस आदल्या संध्याकाळी पडला असला तरी. सांताक्रूझचा तो आकडाही 27 जुलैच्या सकाळचा. रात्री धो धो लागला तर मध्येच मोजून ओता, सकाळी बेरीज करा.

कोरडा दिवस असेल तर 0 लिहा. गावाला गेल्यामुळे मोजायचं राहिलं तर रेघ मारा. हा फरक पाळला नाही तर वर्षअखेरीची बेरीज फसवी निघते. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त भरला तर तो ‘पावसाचा दिवस’. 65 च्या वर गेला की महसूल खात्याच्या भाषेत अतिवृष्टी, मात्र त्यासाठी महसूल मंडळातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्राची नोंद धरतात, आपली वही नाही.

वहीत नक्षत्राचाही एक रकाना ठेवा. मृग किती मिलिमीटर बरसला आणि आर्द्रा किती, हे मग आजीला आकड्यात सांगता येईल. ती ऐकेलच असं नाही.